स्टिअरिंगवरचा तिसरा हात

वर्षभरापूर्वी आमच्याकडे नवी गाडी आली. चावी हातात देताना शोरूममधला मुलगा म्हणाला, "काका, हायवेला ही आपोआप लेनच्या मधोमध चालते." मी हसून सोडून दिलं. तीस वर्षं डहाणू-तलासरी भागात गाडी चालवतो आहे. इथे माणसंच लेनमध्ये चालत नाहीत, तिथे गाडी काय चालणार?

पण चारोटी नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागलो, वेग ऐंशीवर नेला आणि स्टिअरिंगवरचं बटण दाबलं, तेव्हा अंगावर शहारा आला. माझ्या हाताखाली स्टिअरिंग स्वतःहून जरा डावीकडे, जरा उजवीकडे होत होतं. जणू शेजारी कुणी बसलं आहे आणि त्याचाही एक हात चाकावर आहे.

या सोयीला लेन सेंटरिंग म्हणतात. पुढच्या काचेला आतून, आरशाच्या मागे एक छोटा कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पट्टे शोधतो. दोन पट्ट्यांमधला मध्य कुठे, गाडी त्यापासून किती सरकली, याचं गणित संगणक क्षणाक्षणाला मांडतो आणि स्टिअरिंग हलकं करणाऱ्या विजेच्या मोटरलाच हुकूम देतो. काही गाड्या पट्ट्याजवळ गेल्यावरच आत ढकलतात. ही मात्र सतत मध्य धरून राहते. कल्पना तशी जुनी. जपानमध्ये निसानने २००१ साली सिमा या गाडीत लेन धरून ठेवायला मदत करणारी यंत्रणा दिली होती. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या गाड्यांत अशा सोयी २०२१ पासून येऊ लागल्या.

फायदा नाही असं मी म्हणणार नाही. रात्री मुंबईहून परतताना मनोरनंतर खांदे भरून यायचे, ते आता येत नाहीत. शिवाय इंडिकेटर न देता लेन बदलायला गेलो की स्टिअरिंग अडून बसतं. माझा भाचा म्हणतो, "मामा, जे ड्रायव्हिंग स्कूलला जमलं नाही, ते या गाडीने करून दाखवलं. आता तुम्ही इंडिकेटर देता!"

अडचण सुरू होते ती पट्ट्यांपाशी. कॅमेऱ्याला रस्ता दिसत नाही, पट्टे दिसतात. २०२४ मध्ये आमच्या महामार्गावर डांबरावर काँक्रीटचा थर द्यायचं काम चालू होतं. काळ्या डांबरावर पांढरा पट्टा उठून दिसतो. फिकट काँक्रीटवर, तेही दुपारच्या उन्हात, आपल्यालाच डोळे बारीक करावे लागतात. त्यात काँक्रीटच्या सांध्यांत भरलेल्या काळ्या रेघा रस्त्याच्या लांबीनेही जातात. एकदा माझ्या गाडीने अशाच एका रेघेला पट्टा मानलं आणि हळूच तिच्या कलाने निघाली. पावसात रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड ओल्या रस्त्यावर पसरतो, तेव्हा तर पट्टे नाहीसेच होतात. अशा वेळी पडद्यावरचं हिरवं चिन्ह करडं होतं, एक बारीकसा आवाज येतो आणि तिसरा हात निघून गेलेला असतो. गाणी चालू असतील तर तो आवाज ऐकूही येत नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेला अपघात सगळ्यांना आठवत असेल. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी त्यात गेले. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावण्याची चर्चा तेव्हा देशभर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. आम्हा इथल्या लोकांच्या मनात मात्र दुसरीही गोष्ट राहिली: पुलाशी येताना तीन लेनचा रस्ता दोन लेनचा होत होता. त्या अपघाताशी लेन सेंटरिंगचा संबंध मी जोडत नाही. पण रस्ता अचानक आखडतो तिथे हे यंत्र काय करील, हा विचार त्या पुलावर दर वेळी येतो. पुढे लेन संपते आहे हे जुन्या ड्रायव्हरला अर्धा किलोमीटर आधी ठाऊक असतं. कॅमेऱ्याला ते पट्टा वळल्यावर किंवा संपल्यावर कळतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं सांगावंसं वाटलं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला वापीला निघालो होतो. उजवीकडच्या दोन्ही लेन कंटेनर आणि ट्रेलरनी धरलेल्या, म्हणून नेहमीप्रमाणे डावीकडून चाललो होतो. तलासरीच्या अलीकडे समोरून, अगदी कडेने, राँग साइडने मोटरसायकल आली. पुढे नवरा, मागे बायको, मध्ये लहान मूल. दुभाजकातला पुढचा कट लांब असला की पाड्यावरची माणसं असा जवळचा रस्ता धरतात. चूक आहे, पण रोजची आहे. माझा वेग ऐंशी, त्यांचा तीस धरा. दोघांमधलं अंतर सेकंदाला तीस मीटरने कमी होत होतं.

लेनची रुंदी साधारण साडेतीन मीटर. मधोमध चाललेल्या गाडीच्या दोन्ही बाजूंना पाऊण मीटरच्या आसपास जागा उरते. अशा वेळी कुणीही ड्रायव्हर न सांगता हातभर उजवीकडे सरकतो. गाडी सरकली नाही. ती आपली मधोमध, आज्ञाधारक. मी स्टिअरिंग ओढलं तेव्हा हाताला तो अडथळा जाणवला. मोटरचा जोर मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्यामुळे माणसाने ओढलं की माणूसच जिंकतो, आणि मी जिंकलो. पण हात चाकावर होते म्हणून. ती बाई मुलावर वाकली होती, एवढंच आरशात दिसलं. पुढे ढाब्यावर गाडी लावून चहा घेतला, तेव्हा कप हातात थरथरत होता.

हात चाकावर असावेत यासाठी नियम आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीतला ७९ क्रमांकाचा नियम सांगतो, की हात सुटल्यापासून १५ सेकंदांच्या आत ड्रायव्हरला इशारा दिसला पाहिजे. आता हिशेब करा: ऐंशीच्या वेगात १५ सेकंद म्हणजे तीनशे तीस मीटरहून जास्त. तेवढ्यात एखादा पाडा मागे पडतो. तरी लोक यंत्रालाही फसवतात. ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याने सांगितलं, त्याचा एक गिऱ्हाईक स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवतो, म्हणजे वजनामुळे हात आहे असं गाडीला वाटतं. या यंत्रणेला 'लेव्हल टू' म्हणतात. शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत, त्यातली ही दुसरी. तिचा अर्थच असा, की गाडी मदत करील, पण लक्ष आणि जबाबदारी पूर्णपणे ड्रायव्हरची. शोरूममध्ये मला हे कुणी सांगितलं नव्हतं. गाडीसोबतच्या जाडजूड पुस्तकात मात्र छापलेलं होतं.

मी बटण कायमचं बंद केलेलं नाही. दोन्ही बाजूंना वस्ती नाही, पट्टे स्वच्छ आहेत आणि पाऊस नाही, अशा टप्प्यात ते चालू असतं. चारोटीचा पूल, कामाची जागा, गावाजवळचे कट आले की बंद. तलासरी जवळ आली की बायको माझ्याआधीच सांगते, "आता ते तुमचं बंद करा."