शेळी गाभण आहे हे कळेपर्यंत करडाचं हृदय धडधडू लागतं. पहिल्या महिन्यात औषध जपून द्या

शनिशिंगणापूर (ता. नेवासा) : शेळी बोकडाला दाखवली की आपण एकवीस दिवस मोजतो. पुन्हा माजावर आली नाही तर गाभण राहिली, असा आपला हिशेब. पण त्याच सुमारास पोटातल्या करडाचं हृदय धडधडायला लागलेलं असतं.

शेळीचा गाभण काळ साधारण १५० दिवसांचा. सुरुवातीला हृदय म्हणजे एक साधी नळी असते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती ठोके देऊ लागते. मग नळीला पीळ बसतो, आत पडदे तयार होतात आणि पाच-सहा आठवड्यांत चार कप्पे होतात. तेव्हा गर्भ बोटाच्या पेराएवढाच असतो. पोटावरून सोनोग्राफी केली तर साधारण दीड महिन्यानंतर हे ठोके दिसतात.

चूक होते ती याच काळात. शेळी गाभण आहे हे लक्षात न घेता जंताचं औषध पाजलं जातं. अल्बेंडाझोल पहिल्या महिन्यात देऊ नये. त्यानं गर्भात व्यंग येऊ शकतं, गर्भ दगावूही शकतो. जंताचं औषध बोकड दाखवण्याआधीच द्यावं. नंतर गरज पडली तर किती दिवसांची गाभण आहे ते डॉक्टरांना सांगूनच द्यावं. त्यासाठी बोकड दाखवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते. तेव्हा हिरवा-वाळला चारा, थोडा खुराक आणि खनिज मिश्रण द्यावं. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं तर करडाच्या हृदयाचा स्नायूही कमजोर होतो. त्याचं इंजेक्शन मात्र मनानं देऊ नये, जास्त झालं तर विषबाधा होते.

पोटात करडाची फुप्फुसं श्वास घेत नाहीत, प्राणवायू नाळेतून मिळतो. म्हणून वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक वाट उघडी असते आणि फुप्फुसाला टाळून जाणारी एक जोडनळीही असते. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला की या वाटा बंद व्हायला लागतात. त्यामुळं व्याल्याबरोबर करडाच्या नाकातोंडातला चिकटा पुसा, अंग कोरडं करा, नाळेला आयोडीन लावा आणि तासाभरात चीक पाजा.

संगमनेरी ही आपल्या जिल्ह्याची शेळी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यावर संशोधन चालतं. जात चांगली आहेच, पण पहिला महिना सांभाळणं आपल्याच हातात आहे.