मुंबईस गेल्यावर काय करावे?

मुंबईहून परतलेल्या मनुष्यास आमच्या जालन्यात पहिला प्रश्न विचारतात तो असा की, "काय काय पाहिले?" उत्तरादाखल त्याने पंधरा-वीस स्थळांची नावे एका दमात म्हणून दाखविली, म्हणजे त्याचा प्रवास सार्थकी लागला असे समजण्याची चाल आहे. आम्हीही ती चाल पुष्कळ वर्षे पाळली. शाळेत असताना मुलांच्या सहली मुंबईस नेल्या आणि दोन दिवसांत सारे शहर दाखविल्याच्या अभिमानाने परत आणल्या. त्या मुलांनी मोटारीच्या खिडकीतून मुंबईच्या पाट्या तेवढ्या वाचल्या असाव्यात, ही शंका आम्हांस गेल्या माघापर्यंत शिवली नव्हती. माघात आम्ही आमच्या वहिनींस घेऊन मुंबईस गेलो.

वहिनींचे वय बाहत्तर. पन्नास वर्षांपूर्वी त्या जुन्या जालन्यातील आमच्या वाड्यात सून म्हणून आल्या, तेव्हा आमच्या वडील बंधूंनी त्यांना "पुढल्या उन्हाळ्यात समुद्र दाखवितो" असे वचन दिले होते. त्या काळी आमच्याकडे मीटरगेजची गाडी असे. मनमाडास उतरून, ट्रंका आणि पोरे सांभाळीत, मोठ्या गाडीत जागा धरावी लागे. पुढल्या उन्हाळ्यात कोणाचे तरी लग्न निघे, त्या पुढल्या उन्हाळ्यात वाड्याची भिंत खचे. २०१२-१३ च्या दुष्काळात तर टँकरची वाट पाहण्यापलीकडे दुसरा उद्योगच कोणास नव्हता. तीन वर्षांपूर्वी दादा गेले आणि वचन तसेच राहिले.

त्यांचा मुलगा दादरला भाड्याच्या जागेत, सहाव्या मजल्यावर राहतो. त्याने आम्हांस दूरध्वनीवरून बजावले होते, "काका, आईला घेऊन या, पण तिचे परतीचे तिकीट काढू नका." येथे एक कबुली दिली पाहिजे. आम्ही परतीची दोन तिकिटे काढली. वहिनी गेल्या तर देवघर, लोणच्याच्या बरण्या, सोवळ्याचा स्वयंपाक आणि साऱ्या वाड्याचा चालता कारभार कोण पाहणार, ही चिंता आमची होती. तिकिटांची गोष्ट पुतण्यास सांगितली नाही, व वहिनींसही नाही. आमच्या घरची मंडळी देवांसाठी मागे राहिली. वहिनींनी पाच दिवसांपुरती लुगडी घेतली आणि आम्ही माघ शुद्ध षष्ठीस निघालो.

आता मनमाडचा तो त्रास नाही. सकाळी जालन्यास वंदे भारत गाडीत बसावे, दुपारी दोन-अडीचच्या सुमारास मुंबई येते. वहिनी खिडकीपाशी बसल्या आणि कसाऱ्याच्या घाटात बोगदे मोजू लागल्या.

दुसरे दिवशी रथसप्तमी. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर जावयाचे ठरले. २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण झालेली भुयारी मेट्रो दादरहून गिरगावास नेते. स्थानकात उतरावयास पाळणा असल्यामुळे गुडघ्यांच्या दुखण्यास ती मोठीच सोय आहे. साध्या लोकलने जावयाचे झाल्यास वृद्धांस घेऊन सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी पाच ते नऊ या वेळी डब्यात पाऊल ठेवू नये, इतके सांगून हा विषय सोडतो.

चौपाटीवर वाळू लागली तशा वहिनींनी वहाणा काढून हातात घेतल्या. पाणी दिसताच त्या उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावजी, याची सुटायची वेळ ठरलेली असते का हो?"

नातवंडे हसली. आम्हांस हसू आले नाही. ज्या गावात नळाचे पाणी पंधरा-पंधरा दिवसांनी येते, ज्या बाईने मध्यरात्री उठून हंडे लावण्यात आयुष्य घालविले, तिने पाणी पाहिल्यावर त्याची वेळ विचारावी यात नवल ते काय? शिवाय प्रश्न शास्त्रशुद्ध होता. समुद्राची वेळ ठरलेली असते, आणि ती पंचांगावरून सांगता येते. किनाऱ्यावरील लोकांचा आडाखा असा की, तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, एकादशीस सव्वाआठच्या सुमारास. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून हीच वेळ सकाळी आणि हीच सायंकाळी. दोन्हींच्या मध्ये सुमारे सहा तासांनी ओहोटी. मुंबईस हा आडाखा अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने चांगला उतरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीस उधाण म्हणतात, कारण त्या वेळी सूर्य व चंद्र यांचे ओढणे एका रेषेत येते. सप्तमी-अष्टमीस ते काटकोनात असते व पाणी बेताने चढते, त्यास भांग म्हणतात.

त्या दिवशी सप्तमी, म्हणजे सव्वापाचास भरती. वहिनींनी मनातल्या मनात हिशेब केला, नातवाच्या मनगटावरील घड्याळ पाहिले, आणि पाणी खरोखरच पायांपर्यंत येऊन थबकले तेव्हा त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की, चाळीस वर्षांच्या मास्तरकीत इतके समाधान कोणत्याही विद्यार्थ्याने आम्हांस दिले नसेल.

म्हणून आमची पहिली सूचना: पंचांग बरोबर न्यावे. म्हाताऱ्यांस व लहान मुलांस समुद्र दाखवावयाचा तो भांगाच्या दिवशी सूर्यास्तापूर्वी दाखवावा. उधाणाची मौज पावसाळ्यात कठड्यामागे उभे राहून पाहावी. गिरगावच्या पाण्यात स्नान करण्याजोगी स्वच्छता नाही. पाय बुडविले तेवढे पुरे. लोकमान्यांवर १ ऑगस्ट १९२० रोजी याच वाळूत अंत्यसंस्कार झाले. त्यांचा पुतळा तेथे आहे, तो मुलांस अवश्य दाखवावा.

अष्टमीस घारापुरी. गेटवेपासून लाँचने सुमारे तास लागतो. सोमवारी लेणी बंद असतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी या मार्गावर नौदलाच्या बोटीची धडक बसून प्राणहानी झाली, तेव्हापासून जीवरक्षक जाकिटाचा आग्रह धरतात. तो आपणही धरावा, लाज वाटू देऊ नये. वहिनींनी नऊवारीवर ते नारिंगी जाकीट चढविले आणि तशाच ऐटीने बसून राहिल्या. बेटावर शे-सव्वाशे पायऱ्या आहेत. ज्यांस चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. वहिनी डोलीत बसेनात. पायऱ्या चढावयास त्यांना पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात आम्हांस प्रथमच दोन्ही बाजूंची दुकाने, माकडे आणि खालचे पाणी नीट पाहता आले.

आत शिवपार्वतीविवाहाचे शिल्प पाहताच त्या म्हणाल्या, "हे तर आपल्या वेरूळला आहे." आम्ही मास्तरी स्वभावानुसार "वेरूळ वेगळे" असे म्हणणार, तोच जीभ आवरली. घृष्णेश्वराच्या निमित्ताने त्या वेरूळास अनेक वेळा गेलेल्या, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. वेरूळचे एकोणतिसावे लेणे, ज्यास धुमार लेणे म्हणतात, ते मांडणीत घारापुरीशी पुष्कळ मिळतेजुळते आहे. रावणाचे कैलास हलविणे, अंधकासुराचा वध, शिवपार्वतीचा विवाह, हे प्रसंग दोन्हींकडे आहेत. आपल्याकडील मंडळींनी आधी धुमार लेणे पाहून मग घारापुरीस जावे, म्हणजे त्या सुमारे सहा मीटर उंचीच्या सदाशिवापुढे उभे राहिल्यावर काय नवे आहे ते आपोआप कळते. पोर्तुगीज अमलात येथील मूर्तींची बरीच मोडतोड झाली. वहिनींनी भंगलेल्या एका हाताकडे पाहून पदर डोळ्यांस लावला.

पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून या बेटास एलिफंटा म्हटले, तो हत्ती आता बेटावर नाही. तो कोसळल्यावर तुकडे मुंबईस आणून १९१४ मध्ये जोडले, आणि तो भायखळ्यास राणीच्या बागेत उभा आहे. नवमीस तेथे गेलो ते नातवंडांच्या पेंग्विनांसाठी. बाग बुधवारी बंद असते. पेंग्विनांच्या काचेपुढील गर्दीत आमचा निभाव लागला नाही, म्हणून आम्ही व वहिनी त्या हत्तीजवळ बसलो. तेथे त्यांनी हळूच विचारले, "तुम्ही परत कधी निघणार?" 'आपण' ऐवजी 'तुम्ही' हा शब्द आमच्या कानांस खटकला. आम्ही द्वादशी असे सांगितले आणि हत्तीची सोंड न्याहाळू लागलो.

दशमीस बाणगंगा. वाळकेश्वराच्या टेकडीवर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर हे गोड्या पाण्याचे तळे आहे. सीतेच्या शोधात असताना रामरायास तहान लागली व बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा आहे. वालुकेचा ईश्वर तो वाळकेश्वर. खाऱ्या पाण्याच्या कुशीत गोडे पाणी पाहून जालन्याच्या माणसाने तेथे घटकाभर बसावेच. वहिनी पायरीवर बसून ओंजळीतल्या पाण्याकडे पाहत राहिल्या. आम्ही मुद्दाम पलीकडच्या पायरीवर बसलो.

त्याच दिवशी एक हौस आम्ही आमची भागविली. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत गेलो. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याचा हा पत्ता. त्यांच्या सुबक ठशांत छापलेले रघुवंश आणि अमरकोश वाचून आमच्या पिढीचे संस्कृत झाले. १८८६ पासून निघालेल्या काव्यमालेने किती ग्रंथ वाळवीच्या तोंडून वाचविले! छापखाना आता राहिलेला नाही. गल्लीत हातगाड्या आणि कापडाचे गठ्ठे. आम्ही तेथेच वहाणा काढून हात जोडले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "देव कुठे आहे इथे?" आम्ही सांगितले. त्या क्षणभर थांबल्या. "तुमच्या दादांच्या कपाटातला अमरकोश इथलाच ना? त्याला पिवळं कापड घातलंय मी." मग त्यांनीही हात जोडले.

एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर आम्ही एकटेच जाऊन आलो. ती इमारत १८३३ ची. म. म. पां. वा. काणे यांचा जेथे वावर होता त्या ग्रंथालयाची पायरी एकदा शिवावी, इतकाच हेतू.

एकादशीस कोठे जावयाचे नाही असे ठरले, आणि तोच दिवस सर्वांत चांगला गेला. बाहेरचे अन्न न घेणाऱ्या वहिनींस सुनेने दादरच्या प्रकाशमध्ये साबुदाणावडा खावयास नेले. उपास मोडत नाही, हा सुनेचा मुद्दा त्यांना खोडता आला नाही. वड्यानंतर पीयूष आले. कोशात पीयूष म्हणजे अमृत, तसेच नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध, असे आम्ही सांगू लागलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, गार आहे तोवर प्या."

सायंकाळी दादरच्या किनाऱ्यावर सासू-सुना पुढे गेल्या, आम्ही व पुतण्या मागे. तो म्हणाला, "काका, आईचे तिकीट काढले आहे ना तुम्ही?" आम्ही होय म्हटले. तो पुढे काही बोलला नाही, आणि त्यामुळे आम्हांस अधिकच ओशाळे वाटले. तोच वहिनी वळून आल्या. "आज सव्वाआठला भरती. ती पाहून जाऊ. आणि भावजी, माझं तिकीट परत करता येतं ना? पाडव्यापर्यंत राहते म्हणते. पुढचं पाडव्याला बघू."

तिकीट त्या रात्रीच परत केले, थोडे पैसे कापले गेले. द्वादशीस आम्ही एकटे निघालो. डब्यासाठी वहिनींनी दशम्या बांधून दिल्या होत्या, आणि एका कागदावर वाड्यातील कामांची यादी. तुळशीस सकाळी एकच तांब्या घालावा, मुळे कुजतात, हे त्यांत दोनदा लिहिले होते.