रेकॉर्डवरचं साल नेमकं कशाचं?

‘डीप पर्पल’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘मेड इन जपान’ हा अल्बम ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोच्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित झाला. गंमत बघा, इंग्लंडमध्ये निघालेल्या तबकडीवर नाव ‘मेड इन जपान’ आणि खुद्द जपानात निघालेलीवर ‘लाइव्ह इन जपान’! जुन्या रॉकचे संग्राहक जपानी प्रतींना जास्त पैसे मोजतात. एक तर त्यांची खरखर कमी असते, आणि दुसरं म्हणजे कव्हरभोवतीची कागदी पट्टी, ‘ओबी’. ती बरेच जण फेकून द्यायचे, म्हणून पट्टीसकट प्रत मिळणं अवघड.

तुम्ही रॉक ऐकत नसाल तरी हा नाद समजून घ्या. ध्वनिमुद्रण, छपाई आणि विक्री या तीन वेगळ्या घटना आहेत. मी नेमकी तिथेच आपटले.

मनोरच्या आमच्या घरी बालगंधर्वांच्या नाट्यपदांची एक एलपी आहे. कव्हरवरचं साल मी बिनधास्त ‘ध्वनिमुद्रणाचं वर्ष’ म्हणून टिपणात लिहिलं आणि त्यावर अख्खा परिच्छेद रचला. गाइडनी विचारलं, “हे साल कशाचं?” परिच्छेद गेला. ती पदं मुळात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवरची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. एलपी हे नंतरचं संकलन.

मग बघायचं कुठे? लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर तबकडी तिरकी धरून पाहा. तिथे कोरलेला किंवा उठवलेला मॅट्रिक्स क्रमांक असतो. लेबलावरचा कॅटलॉग क्रमांक विक्रीसाठी, मॅट्रिक्स त्या ध्वनिमुद्रणासाठी. लेबल बदलून तेच गाणं पुन्हा बाजारात आलं तरी मॅट्रिक्सवरून माग लागतो.

गाणं एकीकडे आणि छपाई दुसरीकडे, हे आपल्याकडे सुरुवातीपासूनच. गौहर जान १९०२ मध्ये कलकत्त्यात गायली, तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ते तिथल्या कारागिरांना लेबल लावताना कळावं म्हणून, असं सांगतात.

मुंबईतली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ १९९० पासून अशा नोंदी जमवते आहे. त्यांचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ जरूर चाळा.

माझ्या वहीत आता तीन रकाने आहेत. त्या एलपीपुढचा ध्वनिमुद्रणाचा रकाना अजून कोराच आहे. गाइडना तो तसाच चालला.