विश्लेषण : डिस्नेच्या हॉटेलात भाड्याच्या पॉइंट्सवर राहणे किती फायद्याचे?

अमेरिकेत ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डची सहल ठरवताना विमानाच्या तिकिटांनंतर डोळ्यांत भरतो तो हॉटेलचा आकडा. डिस्नेच्या डीलक्स श्रेणीतील हॉटेलांत एका रात्रीचे भाडे ५०० डॉलरच्या पुढे सहज जाते. त्याच आवारातली खोली जवळपास निम्म्या पैशांत मिळेल, असे कोणी सांगितले तर पहिली शंका फसवणुकीची येईल. पण हा व्यवहार खरा आहे. डिस्नेच्या टाइमशेअर सदस्याकडून त्याचे पॉइंट्स भाड्याने घ्यायचे आणि त्यावर राहायचे. मात्र या सवलतीच्या बदल्यात ग्राहक बेत बदलण्याची मोकळीक सोडून देत असतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या कुटुंबाला ते परवडू शकते. व्हिसा अजून हातात न आलेल्या पुण्याच्या कुटुंबाला ते महागात पडू शकते.

हे पॉइंट्स येतात कुठून?

‘डिस्ने व्हेकेशन क्लब’ म्हणजे डीव्हीसी ही डिस्नेची टाइमशेअर योजना १९९१मध्ये सुरू झाली. ओरलँडोतील ओल्ड की वेस्ट हे तिचे पहिले रिसॉर्ट. सदस्य एखाद्या रिसॉर्टमधील छोटासा मालकी हिस्सा ठरावीक मुदतीसाठी विकत घेतो. ओल्ड की वेस्टच्या मूळ करारांची मुदत २०४२पर्यंत आहे, तर नंतर आलेल्या रिव्हिएराची २०७०पर्यंत. त्या हिश्श्याच्या प्रमाणात सदस्याला दरवर्षी पॉइंट्स मिळतात. क्लब महिंद्राचे सदस्यत्व घरात असलेल्यांना ही कल्पना नवी नाही. फरक इतकाच की इथे सगळा हिशेब पॉइंट्समध्ये होतो. खोली किती मोठी, बाहेर काय दिसते, हंगाम कोणता, यावर एका रात्रीचे पॉइंट्स ठरतात. नाताळात ते भरपूर लागतात, गर्दी नसलेल्या आठवड्यात कमी.

सदस्याला दरवर्षी देखभाल शुल्क भरावेच लागते, मग तो सुट्टीला जावो वा न जावो. वापरले नाहीत तर पॉइंट्स ठरावीक मुदतीनंतर बाद होतात. पुढच्या वर्षात ते ढकलता येतात, पण एकदाच. त्यामुळे ज्याला यंदा जायचे नाही, तो पॉइंट्स भाड्याने देऊन निदान शुल्क तरी वसूल करतो. वैयक्तिक पातळीवर असे भाड्याने देण्यास डिस्नेची मनाई नाही. धंदा म्हणून करण्यास आहे.

सदस्य आणि पाहुणा यांची गाठ बहुतेक वेळा दलाल कंपन्या घालून देतात. प्रतिपॉइंट दर साधारण २० डॉलरच्या आसपास असतो. रिसॉर्ट आणि तारखांनुसार तो वरखाली होतो.

पैसे खरेच वाचतात का?

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. डीलक्स स्टुडिओत पाच रात्री राहायचे आहे आणि त्यासाठी एकूण ८० पॉइंट्स लागतात. २० डॉलरच्या दराने १,६०० डॉलर झाले. तीच खोली थेट डिस्नेकडून रात्रीला ५५० डॉलरने घेतली तर २,७५० डॉलर. त्यावर स्थानिक विक्रीकर आणि पर्यटन कर मिळून १२.५ टक्के लागतात, म्हणजे बिल ३,०९४ डॉलरच्या घरात जाते. पॉइंट्सच्या भाड्यात हा कर सहसा वेगळा जोडला जात नाही. फरक जवळपास दीड हजार डॉलरचा.

जाहिरातींत दिसतो तो हाच फरक. पण डिस्ने स्वतःही वर्षभर अधूनमधून खोल्यांवर सवलती देते. २५ टक्के सवलत मिळाली, तर करासह थेट बिल सुमारे २,३२० डॉलर होते आणि फरक निम्म्यावर येतो. शिवाय, ज्याला मुळात डीलक्स खोली नकोच होती, त्याच्यासाठी ही तुलनाच गैरलागू आहे. पॉप सेंच्युरीसारख्या डिस्नेच्या स्वस्त हॉटेलात रात्रीला २०० डॉलर धरले, तर पाच रात्रींचे करासह १,१२५ डॉलर होतात. म्हणजे ‘निम्म्या किमतीत’ मिळालेल्या पॉइंट्सच्या खोलीपेक्षाही कमी. स्वस्त श्रेणीत डीव्हीसीच्या खोल्याच नाहीत. दिवसभर पार्कमध्ये भटकून फक्त झोपायला परतणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

पॉइंट्सचे पारडे खरे जड होते ते मोठ्या कुटुंबासाठी. स्टुडिओत फ्रिज, मायक्रोवेव्ह असतो, शेगडी नसते. एक किंवा दोन बेडरूमच्या व्हिलात मात्र पूर्ण स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे यंत्र मिळते. नाशिकहून आलेले आजी-आजोबा, दोन नातवंडे आणि चौघे मोठे असे आठ जण दोन बेडरूममध्ये मावतात आणि रात्री घरचा वरणभात होऊ शकतो. एवढी जागा थेट घ्यायला गेल्यास येणारे बिल बहुतेकांना परत फिरवते.

रद्द करायची वेळ आली तर?

थेट बुकिंगमध्ये फक्त खोली घेतली असेल, तर एका रात्रीची अनामत भरावी लागते आणि पोहोचण्याच्या साधारण पाच दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास ती परत मिळते. खोली आणि पार्कची तिकिटे असे पॅकेज घेतल्यास ही मुदत ३० दिवसांची आहे.

भाड्याच्या पॉइंट्समध्ये बहुतेक करारांनुसार पैसे परत मिळत नाहीत, आणि संपूर्ण रक्कम सुरुवातीलाच भरायची असते. यामागे निव्वळ आडमुठेपणा नाही. मुक्कामाला ३० दिवसांहून कमी उरले असताना बुकिंग रद्द झाले, तर सदस्याचे पॉइंट्स एका वेगळ्या खात्यात अडकतात आणि पुढच्या ६० दिवसांतल्याच मुक्कामासाठी वापरता येतात. त्याआधी रद्द केले, तरी पॉइंट्सची वर्षअखेर जवळ आलेली असेल तर ते वाया जाऊ शकतात. हा तोटा सोसायला सदस्य तयार नसतो, म्हणून करार तसा लिहिलेला असतो.

त्यात वेळापत्रकाचा पेच आहे. सदस्याला आपल्या मूळ रिसॉर्टचे बुकिंग ११ महिने आधी करता येते, इतर रिसॉर्टचे सात महिने आधी. मागणी असलेल्या खोल्या आधीच जातात. म्हणजे चांगली खोली हवी तर बरेच आधी पैसे गुंतवावे लागतात. इकडे मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात पर्यटक व्हिसाच्या पहिल्या मुलाखतीसाठी अनेकदा महिनोन्महिने थांबावे लागते. मे महिन्याच्या सुट्टीसाठी आदल्या जूनमध्येच पैसे भरले आणि मार्चमध्ये व्हिसा नाकारला गेला, तर विमान कंपनीकडून काहीतरी परत येईल. पॉइंट्सचे १,६०० डॉलर येण्याची शक्यता कमीच. प्रवास विमा व्हिसा नाकारल्याचा खर्च देतो का, हे पॉलिसीत शब्दशः तपासावे लागते. ज्यांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा आधीच आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न नाही.

पाहुणा म्हणून काय मिळते, काय नाही?

हॉटेलच्या पाहुण्यांना पार्कमध्ये अर्धा तास आधी मिळणारा प्रवेश, डिस्नेच्या बस आणि मोफत पार्किंग हे सगळे पॉइंट्सवर राहणाऱ्यांनाही मिळते. डीव्हीसी सदस्यांच्या खास सवलती मिळत नाहीत. रोजची साफसफाईही नसते. आठवड्याच्या मुक्कामात चौथ्या दिवशी कचरा नेतात आणि टॉवेल बदलतात. पार्कची तिकिटे दोन्ही पर्यायांत वेगळी घ्यावी लागतात. भारतीय कार्डाने पैसे भरल्यास बँकेचा परकीय चलन आकारही हिशेबात धरावा.

पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे?

बुकिंग पाहुण्याच्या नावावर झाले तरी त्याचा ताबा सदस्याकडेच राहतो. तारीख किंवा नाव बदलायचे तर पाहुण्याला डिस्नेला फोन करून भागत नाही. सदस्याने देखभाल शुल्क थकवले, तर त्याचे बुकिंग अडचणीत येऊ शकते. म्हणूनच समाजमाध्यमावर भेटलेल्या अनोळखी सदस्याला थेट पैसे पाठवण्यापेक्षा दलालाचा मार्ग थोडा महाग पण सुरक्षित ठरतो. काही दलाल सदस्याची रक्कम पूर्ण देत नाहीत. काही भाग पाहुणे हॉटेलात दाखल होईपर्यंत राखून ठेवतात. आपला दलाल तसे करतो का, हे करारात पाहावे.

तारखा लवचीक असतील तर सदस्यांनी आधीच करून ठेवलेली आणि आता नको असलेली बुकिंग दलालांकडे मिळतात. मुक्काम जवळ आला की त्यांचे दर उतरतात आणि तोवर व्हिसाचाही निकाल लागलेला असतो. व्यवहार झाल्यावर डिस्नेचा पुष्टी क्रमांक मागून घ्यावा आणि ‘माय डिस्ने एक्सपिरियन्स’ अ‍ॅपमध्ये टाकून पाहावा. तिथे पासपोर्टवरचेच नाव, रिसॉर्ट आणि तारखा दिसल्या पाहिजेत. चूक असेल तर ती त्याच दिवशी सदस्याकडून दुरुस्त करून घ्यावी.