शहाजोग हुंडी आणि गूगलचे बटण

मराठी शिकविणाऱ्या माणसाने संगणकाच्या भानगडीत पडू नये, असे माझ्या पत्नीचे स्पष्ट मत आहे. ते खोडून काढण्याची माझी प्राज्ञा नाही. तरी मी त्या भानगडीत पडलो, आणि पडलो तो असा की, एका मुलीच्या कष्टाचे श्रेय तिच्या भावाच्या पदरात टाकून, वर त्याच्या नावाचे प्रमाणपत्र छापून मोकळा झालो! ती हकीकत फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. गोड नाही, पण चिवड्यात एखादी मिरची निघायचीच.

नांदेडला आमच्या महाविद्यालयात मराठी विभागाने बोलीतले शब्द गोळा करायचे ठरविले. येरवाळी, बैजवार, माळवं, कोरड्यास असे शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांत अजून सुखाने नांदतात. पण ही मुले वर्गात येताना उंबऱ्यावर पायताणाबरोबर ते शब्दही काढून ठेवतात. यापूर्वीही असे संग्रह आम्ही वह्यांतून केले होते. वह्या कपाटात गेल्या, आणि कपाटातून रद्दीत. म्हणून या वेळी ठरले की, शब्दांची एक कोठी संगणकावर बांधायची, म्हणजे ज्याला त्याला आपल्या फोनवरून तिच्यात भर घालता येईल.

बांधणारा मिळाला तो लातूरचा. माझा जुना विद्यार्थी. एक वर्ष मराठीच्या वर्गात बसून तो शहाणा झाला आणि संगणकाकडे वळला. आता लातुरात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे काम करतो. पैशाचा विषय काढला तर म्हणाला, “सर, तुम्ही शब्द द्या, कोठी मी बांधून देतो.”

प्रथम आम्ही कोठीची दारे सताड उघडी ठेवली. चार दिवसांत तिच्यात तीन वाढदिवसांच्या शुभेच्छा, एका उमेदवाराचा प्रचार आणि दोन शिव्या जमा झाल्या. शिव्या अस्सल बोलीतल्या होत्या, हे कबूल केले पाहिजे. परंतु प्राचार्यांना ते पटण्यासारखे नव्हते. मग प्रत्येकाला पासवर्ड दिला. त्यानंतर माझा फोन दिवसभर वाजू लागला. “सर, पासवर्ड इसरलो.” पाऊणशे मुले, आणि प्रत्येक जण आठवड्यातून एकदा विसरणारा! अखेर लातूरकर म्हणाला, “सर, आता गूगलचं बटण लावतो. पासवर्डची कटकटच नको.”

हे बटण वाचकांनीही पाहिले असेल. कोणत्याही नव्या ठिकाणी गेले की, ‘गूगलने प्रवेश करा’, ‘फेसबुकने प्रवेश करा’ असे आमंत्रण समोर येते. आपण ते दाबतो आणि आत जातो. आत जाण्यापूर्वी काय घडते याचा विचार करीत नाही. मीही केला नसता. पण शिष्याने समजावून सांगितले तेव्हा मला आमच्या आजोबांची आठवण झाली.

आजोबा आडतीच्या पेढीवर मुनीम होते. हुंडीच्या गोष्टी मी लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलेल्या. लातूरच्या व्यापाऱ्याला नांदेडात माल घ्यायचा आहे, पण रोकड घेऊन प्रवास करायचा नाही. तो आपल्याकडच्या पेढीवरून हुंडी घेऊन येतो. नांदेडची पेढी त्याला ओळखत नाही. मात्र हुंडी लिहिणाऱ्या पेढीला ओळखते, तिची सही ओळखते, आणि त्या ओळखीवर पैसे मोजते. त्यातही शहाजोग हुंडी म्हणजे बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच द्यायची, वाटेल त्याने आणून दाखवली म्हणून पैसे मिळत नसत. आज आपण साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला शहाजोग म्हणतो. भल्या माणसाचे विशेषण लबाडाच्या गळ्यात कसे पडते, हा भाषेचा मोठा गमतीचा विषय आहे. पण तो पुन्हा कधी.

इंटरनेटवरची ही हुंडीपद्धती फार जुनी नाही. २००८ साली फेसबुकने ‘कनेक्ट’ या नावाने आपली ओळख दुसऱ्यांच्या दारी चालवून दाखविली. २०१२ च्या ऑक्टोबरात ‘ओ-ऑथ २.०’ ही नियमावली प्रसिद्ध झाली, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत तिच्यावर ‘ओपनआयडी कनेक्ट’चा मजला चढला. पहिली ही मुळात परवानगीची चिठ्ठी: या गृहस्थांना माझ्या कोठारातली अमुक वस्तू पाहू द्या. दुसरी ही ओळखीची चिठ्ठी: हे गृहस्थ अमुकच, आम्ही हमी देतो.

व्यवहार असा चालतो. कोठीने गूगलच्या दप्तरात आधी आपले नाव नोंदवायचे. गूगल तिला एक जाहीर क्रमांक देते आणि एक गुप्त शब्द. हा गुप्त शब्द आपल्या सर्व्हरवर कडीकुलपात राहतो. लोकांना दिसणाऱ्या पानावर तो कधी उमटू द्यायचा नाही. शिवाय परतीचा पत्ता नोंदवायचा, म्हणजे चिठ्ठी भलत्याच्या दारात जात नाही. हा पत्ता अक्षरशः जुळावा लागतो. आमच्या पत्त्याच्या शेवटी एक तिरपी रेघ कमी पडली होती, तेवढ्यावर दोन दिवस गेले! एका वेलांटीसाठी गुण कापतो म्हणून माझ्यावर रुसणारा हा शिष्य त्या दोन दिवसांत बराच नरम झाला.

मग विद्यार्थी बटण दाबतो. कोठी त्याला एक खुणेचा शब्द देऊन गूगलच्या दारी पाठविते. पासवर्ड तो गूगललाच सांगतो; आम्हाला त्याचा वाराही लागत नाही. गूगल त्याच्या हाती एकदाच चालणारा, थोड्याच वेळात बाद होणारा संकेत देऊन परत धाडते. खुणेचा शब्द आपलाच आहे ना, हे कोठी प्रथम पाहते, नाहीतर मध्येच एखादा तोतया आपली चिठ्ठी सरकवायचा. नंतर तो संकेत आणि आपला गुप्त शब्द घेऊन ती पडद्यामागून स्वतः गूगलकडे जाते, तेव्हा कोठे सहीशिक्क्याची चिठ्ठी मिळते. तिच्यात नाव, ईमेल, छायाचित्र असते, आणि ‘सब’ नावाचा एक लांबलचक आकडा असतो. नाव बदलेल, ईमेल बदलेल. हा आकडा बदलत नाही. खाते ओळखायचे ते या आकड्यावरून.

एवढी चोख व्यवस्था पाहून मी निर्धास्त झालो. मुले भराभर आत येऊ लागली, फोन वाजायचा थांबला, शब्दांची रास वाढू लागली. प्रत्येक शब्दाखाली देणाऱ्याचे नाव आपोआप पडत होते. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. त्या दिवशी सर्वांत जास्त शब्द देणाऱ्याला प्रमाणपत्र द्यायचे ठरले. एकशे बारा शब्द एकाच नावावर होते. मी व्यासपीठावरून मोठ्या ऐटीत ते नाव पुकारले.

कोणी उठेना. दुसऱ्यांदा पुकारले. शेवटच्या बाकावरून एक मुलगी अर्धवट उठली आणि म्हणाली, “सर, ते माह्या भावाचं नाव हाय.”

भाऊ पुण्याला कारखान्यात. जाताना जुना फोन बहिणीला देऊन गेला. त्यातले खाते त्याचेच राहिले. “मग शब्द कोणाचे?” “शब्द आजीचे, सर. म्या निस्ते लिहून टाकले.” प्रमाणपत्र बदलून देतो म्हटले, तर ती घाईघाईने म्हणाली, “राहू द्या सर. घरातल्या घरातच हाय की.”

या ‘घरातल्या घरात’ने मला त्या रात्री झोपू दिले नाही. शेत बापाच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, आणि आता आजीपासून नातीने वेचलेले शब्द भावाच्या नावावर. आणि हा सातबारा लिहिणारा तलाठी कोण, तर मी! सकाळी सगळी यादी काढून बसलो. एकेचाळीस शब्द चक्क एका मोबाईल शॉपीच्या नावाने जमा होते. फोन विकताना दुकानदाराने गिऱ्हाइकांना स्वतःच खाते काढून दिले होते, नावाच्या जागी दुकानाची पाटी लिहून.

येत्या रविवारी एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठले. शिष्याच्या गल्लीत शिकवणीला आलेली परगावची मुले खोल्या करून राहतात. त्यांतही एका खोलीत दोघांत एक फोन, असा प्रकार आहेच. शिष्य म्हणाला, “सर, बटण तर बरोबर चाललंय. गूगलनं नाव दिलं ते आपण लिहिलं.”

“अरे, हुंडी खरी आहे, पण आणणारा कोण ते आपण विचारलंच नाही!”

तो थोडा वेळ गप्प बसला, आणि मग कागद ओढून घेतला. तयार मिळणारी सोय तशीच बसविली तर ती गूगलचे नाव उचलून आपल्या यादीत घालते. ती आपल्या घराप्रमाणे बेतून घ्यावी लागते, आणि बहुतेक जागी तसे करता येते. गूगलच्या ‘जी’चे रंग तेवढे बदलता येत नाहीत, बटणावरचा मजकूर मराठीत येतो.

त्या दुपारी आम्ही केले ते एवढेच की, किल्ली आणि माणूस यांची फारकत केली. गूगलचे खाते ही दाराची किल्ली. तिच्यावरून नाव घ्यायचे नाही, छायाचित्र तर नाहीच. एका किल्लीवर घरातली कितीही माणसे नोंदवता यावीत. आत आल्यावर दोन चौकटी: शब्द टिपणारा कोण, आणि सांगणारा कोण. शिष्य म्हणाला, पहिल्या चौकटीत गूगलचे नाव आधीच भरून ठेवू, मुलांचे श्रम वाचतील. मी नको म्हणालो. भरलेली चौकट कोणी खोडत नसते. विशेषतः मुली खोडत नाहीत. चौकट कोरीच ठेवली.

सामाईक फोनची आणखी एक खोच त्याने दाखविली. आमच्या कोठीतून बाहेर पडले तरी गूगलचे दार उघडेच राहते, आणि पुढचा माणूस बटण दाबताच आधीच्याच्या नावाने आत जातो. म्हणून दर वेळी ‘खाते निवडा’ हे पान समोर यावे अशी तजवीज केली. ज्यांचे खातेच नाही त्यांच्यासाठी मागचे दारही ठेवले: विभागाने दिलेला चिठ्ठीक्रमांक आणि पासवर्ड. पुन्हा माझा फोन वाजणार, हे उघड होते. वाजू दे म्हटले. एकच विद्यार्थी दोन्ही दारांनी आला तर दोन खाती जोडायची, पण ईमेल त्याचेच असल्याची खातरजमा झाल्यावरच. नुसता पत्ता जुळला म्हणून नव्हे, नाहीतर दुसऱ्याचा पत्ता सांगून कोणीही त्याच्या घरात शिरेल.

गूगलकडून आणखी माहिती मागता येते, असे त्याने जाताजाता सुचविले. येथे मात्र मी मास्तरकी केली. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण उघडकीस आले, ते अशाच एका बटणामागचे. फेसबुकच्या ओळखीने आत घेणारी एक स्वभावचाचणी होती. भारतात ती अवघ्या ३३५ जणांनी घेतली. पण त्यांच्या मित्रमंडळींच्या साखळीतून साडेपाच लाखांवर भारतीयांची माहिती त्या वाटेने गेली असावी, असे फेसबुकनेच सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरात फेसबुकच्या सुमारे पाच कोटी खात्यांच्या किल्ल्या चोरीस गेल्याचे जाहीर झाले. पुढे तो आकडा तीन कोटींवर आला. सावकाराचीच पेढी फुटली तर हुंडीवाल्यांनी कोठे जावे? आम्ही आकडा आणि ईमेल एवढेच मागितले.

जुन्या नोंदी दुरुस्त करायला महिना लागला. शॉपीच्या एकेचाळीस शब्दांपैकी सतरांचे धनी सापडले. बाकीच्यांपुढे ‘सांगणारा अज्ञात’ असे लिहिले. तीन शब्द तर खुद्द दुकानदाराचे निघाले! त्याच्या आईचे, असे त्याने सांगितले, आणि आईचे नाव आग्रहाने घालायला लावले.

त्या मुलीला विभागात बोलावून नवी पाने दाखविली. टिपणारी म्हणून तिने स्वतःचे नाव लिहिले. फार हळू लिहिले. ‘सांगणारी’च्या चौकटीपाशी मात्र अडली. आधारवर आजीचे एक नाव होते, घरी सगळे दुसऱ्याच नावाने हाक मारीत. “सर, कोणतं टाकू?” म्हटले, आजीलाच विचार. तिने तेथूनच फोन लावला. पलीकडे बराच वेळ गलका चालला होता. कोणीतरी कोंबड्यांना हाकलीत होते. नातीने प्रश्न तीनदा समजावून सांगितला. मग आजींचा आवाज विभागभर ऐकू आला, “माहेरचं टाक.”

आता त्या एकशे बारा शब्दांखाली आजींचे माहेरचे नाव आहे, आडनावासकट.