फराळाचे डबे नेण्यापूर्वी



दिवाळी जवळ आली की आपल्या कार्यालयात फोन सुरू होतात. “यंदा फराळाचे डबे कोणत्या गावाला न्यायचे?” नागपुरातील अनेक कुटुंबे, त्यांत ख्रिस्ती आहेत तसे इतर धर्मांचेही आहेत, दरवर्षी मनापासून देतात. त्या प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण डबे भरण्याआधी त्या गावातल्या चुलीवर दिवाळीला काय शिजते, हेही आपल्याला ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी आम्ही चाळीस डबे घेऊन गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यातल्या एका गावी गेलो. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा असा लांबचा रस्ता. पोहोचलो तो दिवस पाडव्याचा. गावात शुकशुकाट होता, कारण सगळे लोक गुरांच्या मागे गावाबाहेर गेले होते. आम्ही निरोप पाठवून त्यांना बोलावले, रांग लावली, डबे वाटले, फोटो काढले आणि गाडीकडे निघालो. तेव्हा एका आजींनी मला हाताला धरून थांबवले. “बाई, तुमी देल्लं, आमी घेतलं. आता आमच्या घरचं तुमी खासाल का नाई?”

मी घड्याळ पाहत होते. त्या प्रश्नाने मला खाली बसवले.

शहरातला फराळ

आपल्याकडे वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत दिवाळी चालते. चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, करंज्या, अनारसे हे तिचे पदार्थ. बहुतेक सारे तळलेले, भाजलेले किंवा पाकात बांधलेले. त्यांत पाण्याचा अंश कमी राहतो म्हणून ते पंधरा-पंधरा दिवस टिकतात आणि ताटे भरून शेजारी पाठवता येतात. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतही नाताळला याच करंज्या, चकल्या आणि लाडू होतात. दिवाळीला शेजारच्या काकूंचे ताट आपल्याकडे येते आणि डिसेंबरात आपले ताट त्यांच्याकडे जाते.

मात्र बेसन, साखर, तेल, मैदा, सुका मेवा हे सारे आपण दुकानातून आणतो. शहराचा फराळ इतवारीच्या किराणा बाजारातून सुरू होतो. गावाची दिवाळी शेतातून आणि गोठ्यातून सुरू होते.

गावातली दिवाळी

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि पूर्व चंद्रपूरचा धानाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास तिथे हलके धान कापून झालेले असते आणि जड धान अजून शेतात उभे असते. वर्षभरात घरात खायला असते ते याच दिवसांत. म्हणून या दिवाळीचा जीव तांदळात आहे.

पाडव्याचा दिवस गायगोधनाचा. गुरांना धुतात, शिंगे रंगवतात, गळ्यात माळा घालतात. आम्ही गेलो त्या घरी गाईबैलांना नव्या तांदळाची खिचडी आधी चारली आणि मग माणसे जेवायला बसली. या दिवशी गावात मान असतो तो गाई चारणाऱ्याचा. गोवारी समाज या दिवशी ढालीची पूजा करतो. ढाल म्हणजे इथे लढाईची ढाल नव्हे. उंच बांबूला कापड आणि मोरपिसे बांधून ती उभारतात. तिच्यापुढे वाजतगाजत नाचतात आणि घरोघरी जातात. ज्याने वर्षभर उन्हापावसात गुरे राखली, त्याला त्या दिवशी धान्य, खाऊ, कापड मिळते. तान्ह्या पोळ्याला मुलांना जसा बोजारा देतात, तसेच हे समजा. फक्त हा बोजारा कष्टाचा आहे.

आपण नागपूरकर ‘गोवारी’ हा शब्द उड्डाणपुलाच्या नावामुळे ओळखतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन या समाजाची ११४ माणसे गेली. त्यांचे स्मारक झिरो माइलजवळ आहे. त्या पुलावरून जाताना हेही आठवावे, की गावच्या दिवाळीत हीच माणसे पुढे चालतात.

आजींनी मला काय वाढले? उडदाचे वडे आणि तांदळाच्या पिठाचे गुळातले अरसे. छत्तीसगडकडे त्याला अइरसा म्हणतात. तो आपल्या अनारशाचा भाऊच. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, सावलीत सुकवून कुटतात, गुळात मळून पीठ काही दिवस मुरू देतात आणि खसखशीवर थापून मंद आचेवर तळतात. अरशाला तांदूळ रात्रभर भिजवून कुटतात आणि ते पीठ गुळाच्या गरम पाकात घालतात. पाक कच्चा राहिला तर अरसा तेलात फुटतो, जास्त झाला तर दगड होतो. आजींनी तो नुसत्या बोटांनी ओळखला होता. माझ्या डब्यातला लाडू दुकानातला होता.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दंडार होते, रात्री नाटक होते. भाऊबीजेनंतरही तिथली दिवाळी बरेच दिवस चालू असते.

इतर मुलखांत

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांना घुंगरू बाजार म्हणतात. गुरे राखणारे थाट्या सजून, पायांत घुंगरू बांधून बासरीच्या तालावर नाचतात आणि त्यांना दाद म्हणून पैसे मिळतात. पालघरकडे वारली घरांत वाघबारसेला वाघाची आठवण ठेवतात. दिवाळीला चवळीच्या शेंगा, उकडलेले करांदे, काकडी आणि तांदळाच्या पिठाचे पानात वाफवलेले पदार्थ होतात. तेलाचा थेंबही न लागणारा हा फराळ आहे. प्रत्येक मुलखात पदार्थ वेगळे, पण जे रानात आणि शेतात नुकतेच तयार झाले तेच ताटात येते.

“ते आपण खावे का?”

हा प्रश्न मंडळीतील काही जण मला हळू आवाजात विचारतात. प्रत्येकाच्या विवेकाचा मान राखून मी एवढेच सांगते: लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडून पाहा. प्रभूने शिष्यांना गावोगाव पाठवले तेव्हा वाटण्यासाठी शिदोरी बांधून दिली नाही. ज्या घरी स्वीकार होईल तिथे बसावे आणि पुढे येईल ते खावे, असे सांगितले. पूजेत भाग घेणे निराळे आणि आजींच्या चुलीजवळ बसून अरसा खाणे निराळे. देणारा कधी घेतच नसेल, तर घेणाऱ्याची मान कायम खाली राहते.

याची किंमत मुले मोजतात. आपल्या वसतिगृहातील पाचवीच्या एका मुलीने ‘माझा आवडता सण’ या निबंधात चकल्या, करंज्या आणि आकाशकंदील लिहिला. यातले काहीच तिच्या घरी नव्हते. मी विचारले तर म्हणाली, “ताई, हे लिहिलं की मार्क भेटतात.” घरून आणलेले अरसे तिने पेटीत कपड्यांखाली लपवले होते, वर्गातल्या मुली हसतील म्हणून.

यंदा काय करूया?

१. गाव ठरवण्याआधी तिथल्या बायकांना विचारूया. मागच्या वर्षी विचारले तेव्हा उत्तर आले, “लाडू नको, तेल आणि गूळ आणा.”

२. पाडव्याला कार्यक्रम ठेवायचा नाही. तो दिवस गाईगुरांचा आणि गुराख्यांचा आहे. भाऊबीजेनंतर किंवा मंडईला जाऊ.

३. रांग नको, फोटो नकोत. गाडीत येणाऱ्या प्रत्येकाने एका तरी घरी बसून खायचे. त्यासाठी वेळ काढूनच यायचे.

४. सुटीनंतर वसतिगृहात मुलांनी घरून आणलेला फराळ एका ताटात मांडू. प्रत्येकाने आपला पदार्थ कसा होतो ते सांगायचे. निबंध त्यानंतर लिहायचा.

त्या मुलीचे अरसे शेवटी पेटीतून बाहेर आले. वसतिगृहात आम्ही तीसजण होतो आणि अरसे अकरा. तुकडे करून सगळ्यांना पुरले. ती मात्र स्वतः न खाता प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत उभी होती.