स्वेनसन्स हॉक : रूप आणि आढळ

उत्तर अमेरिकेतला शिकारी पक्षी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या डोक्याचा बॉल्ड ईगल येतो. त्याला आज आपण जरा बाजूला ठेवू या. आजचा पक्षी आहे स्वेनसन्स हॉक, शास्त्रीय नाव ब्यूटिओ स्वेनसोनाय. विल्यम स्वेनसन या इंग्रज निसर्गअभ्यासकाच्या नावावरून हे नाव पडलं. हिवाळ्यात आपल्या माळरानांवर येणारा लाँग-लेग्ड बझर्ड तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो याच ब्यूटिओ प्रजातीतला, म्हणजे हा आपल्या ओळखीच्या पक्ष्याचा भाऊबंदच.

ओळखायचा कसा? बसलेला असेल तर गळा पांढरा, छातीवर तपकिरी लाळेरं बांधल्यासारखा पट्टा आणि खाली फिकट पोट. उडताना मात्र पंखाखाली बघायचं. ब्यूटिओ गटातल्या बऱ्याच पक्ष्यांच्या पंखांची मागची पिसं, ज्यांना आपण उड्डाणपिसं म्हणतो, खालून फिकट दिसतात. इथे उलटं आहे. पंखाचा पुढचा भाग पांढरा आणि उड्डाणपिसं काळपट. पंख लांब, टोकाकडे निमुळते, आणि तरंगताना किंचित वर उचललेले. पंखविस्तार साधारण सव्वा मीटर. मादी नरापेक्षा मोठी. आता गोंधळ असा, की काही पक्षी जवळजवळ पूर्ण गडद तपकिरी असतात. कॅलिफोर्नियाकडे असे जास्त दिसतात, पूर्वेच्या गवताळ प्रदेशात कमी. जात तीच, फक्त रंगरूप वेगळं.

हा आढळतो कुठे? पुस्तकातला नकाशा सांगतो : कॅनडाच्या प्रेअरीपासून अमेरिकेच्या पश्चिम भागातून उत्तर मेक्सिकोपर्यंत. उघडं गवत किंवा शेती हवी, आणि घरट्यासाठी अधूनमधून एखादं झाड. पण हा झाला फक्त विणीचा पत्ता. उन्हाळा सरत आला की हे पक्षी दक्षिणेकडे निघतात आणि बहुतेक थेट अर्जेंटिनाच्या पंपास गवताळ मैदानांत पोचतात. एका बाजूचा प्रवास दहा हजार किलोमीटरच्या आसपास, साधारण दोन महिन्यांचा. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जायचं, त्यामुळे समुद्र टाळायचा. मग मध्य अमेरिकेच्या चिंचोळ्या जमिनीवरूनच जावं लागतं. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझमध्ये हंगामात हे थवेच्या थवे जाताना दिसतात.

आहारही बदलतो बरं का. पिल्लांना भरवताना बिळात राहणाऱ्या ग्राउंड स्क्विरल, उंदीर, ससे. विणीचा हंगाम संपला की जवळजवळ सगळा भर किड्यांवर, मुख्यतः नाकतोड्यांवर. एवढा मोठा शिकारी पक्षी शेतात उतरून कोंबडीसारखा चालत नाकतोडे टिपतो!

याच सवयीने घात केला. १९९०च्या दशकात ब्रायन वुडब्रिज आणि सहकाऱ्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या काही पक्ष्यांवर उपग्रहाला संदेश देणारे ट्रान्समीटर बसवले. त्या संदेशांचा माग काढत ते अर्जेंटिनात पोचले, तर शेतांत झाडांखाली मेलेल्या हॉकचे खच. नाकतोड्यांसाठी शेतकरी लसूणघास आणि सूर्यफुलावर मोनोक्रोटोफॉस फवारत होते. पक्षी नेमके तिथेच खायला जमत. काहींच्या अंगावरच फवारा पडे, बाकीचे विषारी किडे खात. १९९५-९६ च्या एका हंगामात पाच हजारांहून अधिक मेलेले पक्षी नोंदले गेले, आणि एकूण आकडा वीस हजारांच्या घरात असावा, असा अंदाज केला गेला. कॅनडात किंवा कॅलिफोर्नियात घरट्यांचं कितीही रक्षण केलं असतं, तरी हे मरण तिथून दिसलंच नसतं.

मोनोक्रोटोफॉस हे नाव आपल्या कापूसपट्ट्याला नवं नाही. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, तेव्हा चर्चेत आलेल्या कीटकनाशकांत तेही होतं.

अर्जेंटिनात पुढे हालचाल वेगाने झाली. सरकारने नाकतोड्यांसाठी आणि लसूणघासीवर या औषधाचा वापर बंद केला, उत्पादक कंपनीनेही माल मागे घेतला, शेतकऱ्यांना माहिती दिली गेली. पुढच्याच हंगामात मृत्यू अगदी थोडे झाले. आमच्या मते यात सर्वांत मोठा वाटा त्या ट्रान्समीटरचा; पक्षी कुठे जातात हे आधी कळलं, मगच का मरतात हे कळलं.

उत्तरेकडचा प्रश्न वेगळा. कॅलिफोर्नियाने १९८३ साली या पक्ष्याला संकटग्रस्त ठरवलं. तिथल्या सेंट्रल व्हॅलीत पूर्वीचं गवत फारसं उरलेलं नाही, त्यामुळे तो शेतांतच भक्ष्य शोधतो. आणि त्याला सर्वांत सोयीचं पीक कोणतं? तिथेही लसूणघासच. ती वरचेवर कापली जाते, पाणी दिलं जातं, की उंदीर उघडे पडतात आणि वर हॉक घिरट्या घालू लागतात. तीच जमीन बदामाच्या किंवा द्राक्षाच्या बागेखाली गेली, की झाडांच्या दाटीत त्याला शिकार करता येत नाही.